चौथी बाजू

श्रीनू,

तुझ्या फोटोभोवतीची काळी चौकट अजून पूर्ण झालेली नाही. तीन बाजू काढून झाल्यात, चौथी राहिलीय. तुझ्या गालावर अजून थोडा रंग आहे. तो टॅब तसाच मागं ठेवून मी पुढच्या टॅबमध्ये हे लिहायला बसलेय. उद्या तुझा दहावा, आणि आज संध्याकाळच्या आत ती चौकट व्हायलाच पाहिजे असा राजेशम मामांचा निरोप आहे. निरोप म्हणजे सकाळपासून पाच फोन. दर वेळी मी "करते मामा" म्हणते आणि उठून चहा टाकते.

मामा तुमच्या समाजाचे सेक्रेटरी, त्यामुळं त्यांनी मला दुसरंही एक काम लावलंय. समाजाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहायच्या. "आठ वर्षं एका खोलीत काम केलंस पोरी, तूच लिही," म्हणाले. जन्म, शिक्षण, पश्चात आई, हे सगळं तेच लिहितील. त्यांना ते चांगलं जमतं. मला तुझ्याशी भांडायचंय. फक्त अंक वाचणाऱ्यांना आपलं काम ठाऊक नाही, तेव्हा मधेमधे तुला ठाऊक असलेल्या गोष्टी मी तुलाच सांगत बसेन. तेवढं खपवून घे.

आपलं काम वेबसाइट बनवण्याचं, पण तुझा जीव अडकलेला त्यातल्या एकाच गोष्टीत. पानावरची एखादी वस्तू बदलायची असते. बटणाचा रंग, यादीची उंची, फोटोचा उजळपणा. एक ओळ लिहिली की ती क्षणात बदलते. पण जावास्क्रिप्टला असंही सांगता येतं, की एकदम नको, सेकंदाला साठ वेळा बदल आणि दर वेळी चिमूटभरच. मग बघणाऱ्याला वाटतं की वस्तू आपणहून हळूहळू बदलतेय. नव्या पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तू आठ वर्षं त्या चिमटी मोजत होतास आणि मी तुझं डोकं खात होते.

पहिल्या दिवशी मी मंद्रूपहून एसटीनं आले होते, हातात सर्टिफिकेटांची फाइल. तू फाइल उघडलीच नाहीस. स्क्रीनवर एक काळा चौकोन डावीकडून उजवीकडं सरकत होता. "बघत बसा," म्हणालास आणि निघून गेलास. मी तासभर चौकोन बघितला. मनात म्हटलं, हा माणूस येडा आहे, परतीची एसटी कितीला आहे. तू आल्यावर विचारलंस, "काय दिसलं?" मी म्हणाले, "उजवीकडच्या टोकाला जायच्या आधी तो जरासा अडखळतो." तू खुर्चीत सरळ झालास. "दिसलं तुम्हाला?" म्हणालास. "मग उद्यापासनं या." माझ्या सर्टिफिकेटांकडं आजवर कुणी बघितलेलं नाही. ती फाइल अजून आपल्या कपाटात आहे, तुझ्या चष्म्याच्या रिकाम्या डबीखाली.

महिनाभरात "तुम्ही"चं "तू" झालं आणि वाद सुरू झाला. माझं म्हणणं सोपं होतं. बदल म्हणजे बदल. यादी उघडायची तर उघडावी, लपायची तर लपावी. मंद्रूपातला माणूस साध्या फोनवर, एक कांडी नेटवर्कवर आपलं पान उघडतो. त्याला तुझी कलाकुसर बघायची नसते, त्याला फोन नंबर हवा असतो. तू म्हणायचास, एकदम बदललं की माणूस दचकतो. कुठनं कुठं गेलं ते त्याला कळत नाही. हळू बदललं की त्याला सोबत जाता येतं.

"शैलाबाई, तुमची एसटी स्टँडातनं कशी निघती? पहिल्या झटक्यात साठवर जाती का?"

"आमच्या एसटीचं सांगू नको. ती निघाली तरी पुष्कळ."

"तसं न्हाई. आदी हळू, मधी जोरात, थांबताना परत हळू. म्हणून तर म्हातारी माणसं पडंनात."

असं काही बोललास की मला राग यायचा, कारण उत्तर सुचायचं नाही. मग मी दिवसभर तुझ्या कोडमधल्या चुका काढायची. त्या असायच्याही.

समाजाच्या कुटुंबसूचीचं काम आलं तेव्हा हा वाद पेटला तो विझलाच नाही. तुमच्याकडं घरोघरच्या माणसांची छापील वही होती. इंटिपेरू, म्हणजे तुमच्या तेलुगूतलं घराण्याचं नाव, गाव, फोटो. सोयरीक जुळवताना मुलगा कुणाचा नातू हे म्हातारी माणसं विचारतात, म्हणून वहीतून मेलेल्यांना काढत नाहीत. मामा ऑफिसातल्या वहीत त्या फोटोभोवती काळ्या स्केचपेननं चौकट काढतात आणि "श्री"च्या जागी "कै." लिहितात. वेबसाइट करायच्या आधी आपण ते बघायला गेलो होतो. कुणा विणकर आजोबांची चौकट होती. मामांनी पट्टी लावली, एक बाजू काढली, पट्टी फिरवली, दुसरी काढली. तिसरीच्या मधे त्यांना फोन आला. पेन उचलून ते बोलत राहिले, आणि फोटो अडीच बाजूंत तसाच पडून राहिला. बोलणं संपलं, मग परत पट्टी लावली. तू सगळा वेळ श्वास रोखून बघत होतास.

जिना उतरताना म्हणालास, "चार बाजू, चार सेकंद. असंच करायचं."

आणि तसंच केलंस. कार्डावरचं बटण दाबलं की फोटोभोवती काळी रेघ निघते. वरची बाजू, उजवी, खालची, डावी. रेघ पुढं जाईल तसा फोटोतला रंग उतरत जातो. चौथी बाजू पहिलीला टेकली की फोटो राखाडी, "श्री"चं "कै.", आणि त्यानंतरच नोंद जतन होते. तिथंच माझी तार सटकली. मी म्हणाले, आधी नोंद जतन कर, मग काय रेघोट्या ओढायच्या त्या ओढ. मधेच वीज गेली तर? तू म्हणालास, "चौकट पुरी होईपत्तर माणूस मेला असं धरायचं न्हाई."

त्याहून मोठी चूक दुसरी होती. रेघ किती पुढं न्यायची हे घड्याळ बघून ठरवायचं असतं. तू ते फ्रेम, म्हणजे त्या सेकंदाला साठ चिमटी, मोजून ठरवलंस. नव्या महागड्या फोनवर सेकंदाला दुप्पट फ्रेम पडतात, म्हणजे तिथं तुझा माणूस निम्म्या वेळात मरतो, असं मी तुला चिडून म्हणाले होते. आणि दुसऱ्या टॅबवर गेलं की ब्राउझर मागच्या टॅबला फ्रेम देणं बंदच करतो. रेघ आहे तिथं थांबते. परत त्या टॅबवर याल तेव्हा तिथूनच पुढं निघते. मी म्हणाले, ही शिकाऊ पोरांची चूक आहे. तू हसलास.

"मामांनी पेन उचलल्यावर रेघ पुढं गेली का? कुणी बघत नसंल तर ती थांबलीच पाहिजे."

मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. कोड तसाच राहिला.

मग तुझं मरण. पहिलं. ते मात्र लिहिलंच पाहिजे, तू मला माफ करणार नाहीस तरी.

चौकट तपासायला कुणाचं तरी कार्ड लागायचं. मी म्हणाले, कुणाचंही घे. तू म्हणालास, "दुसऱ्याच्या माणसाला कशाला मारू?" आणि स्वतःचं कार्ड घेतलंस. तपासायची प्रत वेगळी होती, खरी वेगळी. पण दिसायला दोन्ही सारख्याच. दिवसातून वीस-वीस वेळा तू स्वतःला मारायचास आणि परत जिवंत करायचास. चौकट उलटी पुसणारं बटणही तूच केलं होतंस, त्यात रंग मागं येताना तुझा चेहरा अगदी धुऊन काढल्यासारखा दिसायचा. मग एका दुपारी तू खऱ्या प्रतीवर बसलास आणि तुला कळलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्ध्या तासात राजेशम मामा जिना चढून आले. हातात झेंडूचा हार, डोळे लाल. तू टेबलावर कागद पसरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतास.

"अरे बे, तू तर मेलायस की!"

"मामा, बसा. दोन मिनिटांत मागं घेतो."

मामांना काय करावं सुचेना. त्यांनी हार माझ्या खुर्चीला अडकवला आणि तुझ्या पाठीत असा गुद्दा घातला की तुझ्या तोंडातली भाकरी बाहेर आली. तोवर तुझी मावशी भिवंडीहून रडत गाडीत बसली होती. होटगीचे कुणी चुलते तिरडीचं सामान कुठून आणायचं ते विचारत होते. मी हसून हसून बेजार झाले. आता आठवलं की तो हार मला नुसता दिसतो.

अम्मा हसली नाही. तुझी अम्मा बिड्या वळता वळता जग चालवणारी बाई. तिनं सूप बाजूला ठेवलं, तुला न्हाणीत बसवलं, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि शपथ घालायला लावली की स्वतःच्या नावाला परत हात लावणार नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय, बिड्डा. बरंच झालं म्हणायचं." तुमच्या घरात लेकराला म्हणायचं ते बिड्डा ती मलाही म्हणते, मी मंद्रूपची असले तरी.

त्यानंतर तू तपासायच्या प्रतीवर वरती लाल पट्टी लावलीस. आणि आठ वर्षांत एकदाच आपण दोघं एका गोष्टीला हो म्हणालो. नोंद जतन झाली तरी लोकांना ती दहा मिनिटांनी दिसेल, आणि त्या दहा मिनिटांत मामांच्या, तुझ्या आणि माझ्या फोनवर मेसेज येईल. मेसेजचा मजकूर मी लिहिला. तू वाचून म्हणालास, "कोरडा हाय." मी म्हणाले, मग तू लिही. तू लिहिला नाहीस.

पुढच्या वर्षी तुझे नायना गेले. तुझे वडील, आयुष्यभर मागावर उभे राहिलेले. चौकट करायला मी पुढं झाले, तू मला हातानं बाजूला केलंस. बटण दाबलंस आणि चार सेकंद पापणी न हलवता बघितलंस. मला वाटलं होतं तू रडशील. तू म्हणालास, "खालची बाजू जरा जास्त जाड येतीय." आणि लगेच दुरुस्त करायला बसलास. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुझं बरोबर असेल. म्हणाले नाही.

हे म्हणायला पुढं तीन वर्षं होती. दिवसाला आठ तास तू समोर बसलेला होतास. "श्रीनू, तुझं बरोबर आहे" एवढं वाक्य. मी ते राखून ठेवलं, कारण तू डोक्यावर बसला असतास.

मग तुझे डोळे पिवळे झाले.

पोटातलं दुखणं, आत पसरलेलं, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आवाज खाली आणला. अकरा आठवडे. रंगांना नावानं हाक न मारता सहा अक्षरी नंबरानं हाक मारायची आपली खोड होतीच; दवाखान्यातल्या कॉटवर पडून तू रोज मला विचारायचास, "आज कुठला पिवळा?" आणि मी तुझे डोळे बघून नंबर सांगायची. पहिले काही दिवस खरा सांगितला. मग एक दिवस तो सांगवेना. मी जरा फिका सांगितला. तू डोळे मिटून मनातल्या मनात तो रंग बघितलास आणि म्हणालास, "हा परवाचा हाय, शैला." तुला सगळे पाठ होते. मी उठून पाण्याची बाटली भरून आणली. ती भरलेलीच होती.

तू विझत होतास आणि मी रोज येऊन बघत होते. हात बारीक होत गेले, मग आवाज. सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणं, कुठंच हिसका नाही, चिमूटभर आज, चिमूटभर उद्या. तेव्हा मला कळलं की आपल्या वादात तू हरलायस. हळू बदललं की सोबत जाता येतं, असं तू म्हणायचास. अकरा आठवडे मी सोबत आले श्रीनू. कुठंच पोचले नाही. पहिल्या दिवशी जेवढी दचकले होते तेवढीच शेवटच्या दिवशी दचकले. तयारी वगैरे काही होत नाही. म्हणजे माझं बरोबर होतं, आणि हे आता मी कुणाला सांगू?

शुद्धीवर होतास त्या शेवटच्या दिवसांत एकदा तूच विषय काढलास. ओठ कोरडे पडले होते, अम्मा कापसानं ओले करत होती. "आता तरी सांग," म्हणालास. "आदी जतन का आदी चौकट?"

आणि मी काय म्हणाले? "आधी जतन." माझ्या नाकावरचा राग बघ. मरणाऱ्या माणसापुढं मी कोडचा वाद जिंकायला निघाले. तू हसल्यासारखं केलंस आणि भिंतीकडं वळलास. मला वाटलं, उद्या सांगू.

अम्माला मात्र अजून आवईचा आधार होता. "त्या वक्ताला मेलता की ह्यो," ती बाजूच्या कॉटवरच्या बाईला सांगायची. "एकदा मेलेला माणूस असा लवकर जात न्हाई." बाजूची बाई मान हलवायची. मी जिन्याकडं बघत बसायची.

त्या दिवशी सकाळी अकराला मला फोन आला. टॉवेलवाल्या गिऱ्हाइकाचा. यादी उघडताना हिसका बसतो म्हणे. तुझ्याच कोडमधली गोष्ट होती ती. मी तुला म्हणाले, "दोन मिनिटांत येते," आणि जिन्यात उभी राहून त्यांना समजावून सांगितलं, कुठली ओळ, कुठला आकडा. सात मिनिटं लागली. परत आले तेव्हा अम्मा तुझे तळपाय जोरजोरात चोळत होती आणि सिस्टर तिचे हात धरून तिला थांबवत होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या त्या चुकीच्या कोडची मला इतकी सवय झाली होती की जिन्यात उभी असताना मला कुठंतरी खात्री होती, मी बघत नाही तोवर तू आहेस तिथंच राहशील. माणसाचं तसं नसतं.

मामांनी समाजाच्या ग्रुपवर बातमी टाकली. पहिलं उत्तर भिवंडीहून आलं, तुझ्या शाळेतल्या मित्राचं. हसणारे तीन चेहरे, आणि खाली, "परत टेस्टिंग का बे?" त्यावर आणखी दोघं हसले. एकानं लिहिलं की ह्या वेळी हार मी आणतो. मामांनी फोन करून सांगितलं तरी काहींना ते खरं वाटेना. ते वेबसाइटवर जाऊन तुझं कार्ड बघतात, तिथं तू रंगीत, "श्री" लावलेला, निळा चौकड्याचा शर्ट. मामा मला म्हणाले, "कार्डावर चौकट येत न्हाई तवर लोकं दहाव्याला बी येणार न्हाईत, पोरी. त्यांना चेष्टाच वाटायलीय." म्हणून घाई.

खरं सांगायचं तर मला घाई करायची सोय आहे. आपल्या दोघांकडं नोंदीच्या मुळाशी जायची चावी आहे. एक ओळ लिहिली की चौकट नाही, रेघ नाही, क्षणात तू "कै.". आठ वर्षं मी हेच मागत होते. आज सकाळी ती ओळ मी लिहिली. ती पंधरा-वीस मिनिटं तशीच समोर होती. मग पुसली.

नंतर तुझं बटण दाबलं.

वरची बाजू निघाली, डावीकडून उजवीकडं. तुझ्या केसांतला काळा जरा राखाडीकडं गेला. मला ते सोसेना, मी उडी मारून दुसऱ्या टॅबवर गेले. टॉवेलवाल्याचं पान उघडलं, त्याचा हिसका खरंच गेलाय का ते बघितलं. गेला होता. जेवणाच्या वेळेला परत आले तर तू तिथंच होतास, एका बाजूवर थांबलेला. उजवी बाजू बघितली. परत पळाले. मग खालची. ती आता जाड येत नाही, नायनांच्या दिवशी तू केलेली दुरुस्ती अजून टिकून आहे. असं करत करत दुपार संपत आली. चार सेकंदांचं काम मी दिवसभर पुरवतेय.

तुझा कोड चुकीचा आहे हे मी अजूनही म्हणते. पण आज दिवसभर तू मला सोडून पुढं गेला नाहीस, एवढं त्या चुकीनं केलं. माझ्या उरलेल्या आयुष्यात मला याहून जास्त काही मिळेल असं वाटत नाही.

आता मामांचा सहावा फोन येऊन गेला. या वेळी मी चहा टाकला नाही. इथवर लिहिलेलं वाचलं, दोन शब्द बदलले. जाते आता. श्रीनू, तुझं बरोबर होतं. किंवा नव्हतं. आधी चौकट.

परत आलेय.

बघितली. डावी बाजू खालून वर गेली, पहिलीला टेकली. पूर्ण एक सेकंद. शर्टाचा निळा सगळ्यात शेवटी गेला. मी पापणी हलवली नाही, निदान हलवली नाही असं मला वाटतं. खाली हिरव्या पट्टीत आलं, "नोंद जतन झाली." टेबलावरचा माझा फोन वाजला. तो मेसेज होता, मी उघडला नाही.

दोन मिनिटांनी परत वाजला. अम्मा.

"बिड्डा, त्याचा फोन वाजला गं."

तुझा फोन ती रोज चार्ज करते, हे मला माहीत नव्हतं.

"आता इतक्यात वाजला. काय तर आलंय त्याला. मराठीत हाय, मला कुटं वाचता येतंय. काय लिवलंय सांग की."

मेसेज मला पाठ होता. आठ वर्षांत मी लिहिलेला आणि तू न बदललेला तो एकच मजकूर. मी तिला तसंच सांगितलं. "श्रीनिवास यांची नोंद बदलली आहे. चूक असल्यास दहा मिनिटांत कळवा."

तिच्या मागं गल्लीतल्या मागांचा आवाज येत होता.

"मग कळव की, बिड्डा," ती म्हणाली. "अजून दहा मिनिटं झाली न्हाईत."

मी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. ती दहा मिनिटं संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो.